फणी, तेल आणि विष : ऊ-निवारणाच्या इतिहासाचा एक धागा

रत्नागिरीच्या परिसरात मागील पडवीत बसून मुलीच्या केसांना खोबरेल तेल चोपडणे व मग दाट दात्यांची फणी फिरविणे हा प्रकार इतका परिचयाचा आहे, की त्याला इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. बखरींत वा दप्तरांत उवांची नोंद शोधू जाणाऱ्याच्या हाती फारसे काही लागणार नाही. शब्दांनी मात्र हा इतिहास बऱ्याच अंशी जपून ठेवला आहे. तो पाहता असे दिसते, की ‘देशी’ आणि ‘विदेशी’ अथवा ‘जुने’ आणि ‘नवे’ या विभागणीने कोणता उपचार निरुपद्रवी आहे याचा निर्णय होत नाही. खरा भेद काढून टाकणे आणि विष घालणे या दोन पद्धतींमधील आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू. संस्कृत ‘यूका’ या शब्दापासून हिंदी ‘जूँ’ व गुजराती ‘जू’ हे शब्द आद्य ‘य’चा ‘ज’ होऊन सिद्ध झाले. मराठी ‘ऊ’ मात्र पालीतील ‘ऊका’ या रूपाशी जवळचे नाते सांगते. ‘लिक्षा’पासून प्राकृत ‘लिक्खा’ व त्यापासून ‘लीख’ हा क्रम सरळ आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हेच दोन शब्द मापे म्हणून येतात : आठ लिक्षांची एक यूका, आठ यूकांचा एक यवमध्य आणि आठ यवमध्यांचे एक अंगुळ. सूक्ष्मतेचे माप म्हणून समाजाने हे कीटक निवडले, यावरून त्यांचा सहवास किती नित्याचा होता हे कळते. ‘फणी’ या शब्दाचा पूर्वज अर्धमागधीतील ‘फणिह’ या शब्दात सापडतो. रोग व त्याचे साधन या दोहोंची नावे अशी पुरातन आहेत.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील सातव्या अध्यायात यूकांची गणना मलज, म्हणजे शरीराच्या बाह्य मळापासून होणाऱ्या, कृमींत केली आहे. त्यांवर सांगितलेल्या चिकित्सेत ‘अपकर्षण’, म्हणजे ओढून काढणे, हा पहिला उपाय होय. येथे चिकित्सा आणि निदान यांचे मूल्यमापन वेगवेगळे करावे लागते. ऊ मळातून उत्पन्न होत नाही. डोक्याला डोके लागून ती एकीकडून दुसरीकडे जाते आणि स्वच्छ केसही तिला वर्ज्य नसतात. तरीही मळाची कल्पना लोकमानसात टिकून राहिली व तिच्याबरोबर लाजही टिकली. उपाय म्हणून अपकर्षण मात्र योग्यच होते. ते केवळ भारतीय होते असेही नाही. प्राचीन लाखीश या नगरीच्या उत्खननात मिळालेल्या हस्तिदंती फणीवर कनानी लिपीतील एक लेख असल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या लिपीतील आजवर ज्ञात असलेले हे सर्वांत जुने पूर्ण वाक्य होय, आणि त्यात केसांतील व दाढीतील उवा निघून जाव्यात अशी इच्छा व्यक्त केली आहे.

विषाची परंपरा याहून निराळी आहे. सीताफळाच्या बियांची पूड हा महाराष्ट्रात सर्वत्र ऐकू येणारा घरगुती उपाय. ते झाड मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिकेतील. पोर्तुगीजांच्या काळात ते इकडे आले असे सामान्यतः मानले जाते. म्हणजे हा ‘प्राचीन’ उपाय तितकासा प्राचीन नाही. तो निरुपद्रवीही नाही : बियांतील द्रव्य डोळ्यांत गेल्यास बुबुळाला इजा होते, आणि अशा इजेची प्रकरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत. रॉकेल केसांना चोळण्यात त्वचेला अपाय तर होतोच, शिवाय चूल जवळ असल्यास जिवावर बेतते. पुढे रसायनशास्त्राने नवी विषे दिली. डी.डी.टी.चा कीटकनाशक गुण पॉल म्यूलर यांनी १९३९ मध्ये ओळखला. १९५३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रमामुळे ती भुकटी भारतातील खेडोपाडी परिचित झाली. लिंडेन हे मज्जासंस्थेवर परिणाम करणारे द्रव्य उवांवरील औषध म्हणूनही अनेक देशांत वापरले गेले. २००९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत त्याचा समावेश झाला.

यानंतर संशोधनाची दिशा पालटली, ती काही अंशी नाइलाजाने. परमेथ्रिनसारख्या औषधांना उवा दाद देईनाशा झाल्या, तेव्हा विषाऐवजी भौतिक क्रियेने उवा मारणाऱ्या द्रव्यांकडे लक्ष गेले. डायमेथिकोन हे सिलिकोन तेल उवेची श्वसनरंध्रे व्यापून तिच्या शरीरातील पाण्याचा निचरा रोखते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील चाचणीत त्याचा गुण फेनोथ्रिन या कीटकनाशकाच्या जवळजवळ बरोबरीचा ठरला आणि त्वचेचा दाह कमी आढळला. ओल्या केसांतून फणी फिरविण्याच्या पद्धतीचीही परीक्षा झाली. तिचे निष्कर्ष मात्र परस्परविरोधी आहेत. २००० मधील वेल्समधील चाचणीत फणीने ३८ टक्के, तर मॅलाथिऑनने ७८ टक्के मुले बरी झाली. २००५ मधील दुसऱ्या चाचणीत फणीचे प्रमाण ५७ टक्के व कीटकनाशकांचे केवळ १३ टक्के होते. फणीचा प्रकार, हाताची चिकाटी व उवांची प्रतिकारशक्ती यांनुसार फळ बदलते, एवढाच बोध यातून घेता येतो.

म्हणून खोबरेल तेलाचे माहात्म्यही अवास्तव वाढविता कामा नये. तेलाने फणी सुलभ चालते व उवांची हालचाल मंदावते. पण लिखा जिवंत राहतात आणि सात ते दहा दिवसांत फुटतात. काम एका बैठकीत संपत नाही. दोन आठवडे, दर तीन-चार दिवसांनी, ते पुनःपुन्हा करावे लागते. उपाय स्वस्त असला तरी त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ बहुधा घरातील स्त्रीच देत आली आहे. विषाच्या पुडीचे आकर्षण याच श्रमाच्या टंचाईत आहे. पुडी वापरणाऱ्या आईला अडाणी ठरविणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. उवा झालेल्या मुलीला वर्गात वेगळे बसविणे अथवा तिचे केस कापून टाकणे हे तर मलज-कल्पनेचेच अवशेष होत. ‘अपकर्षण’ हा शब्द आपण टिकविला नाही, पण ती क्रिया टिकविली. निदानातील चूक मात्र शब्दासह टाकून द्यावयाची राहून गेली.