पाच टेस्ट केस पास, सहावी फेल

गेल्या आठवड्यात माझा एक प्रोग्रॅम पाचही टेस्ट केसमध्ये मस्त चालला आणि क्लायंटकडे पहिल्याच दिवशी आपटला. बोलणी खाऊन घरी आलो तेव्हा फर्मा आठवला. म्हटलं, चला, आपण एकटे नाही!

पिएर द फर्मा हा फ्रान्समधल्या तुलूझचा न्यायाधिकारी. गणित हा त्याचा फावल्या वेळचा छंद (माझ्या या लिखाणासारखाच. फरक फक्त दर्जाचा!). २ चे १, २, ४, ८ आणि १६ हे घात घ्या, प्रत्येकात १ मिळवा. ३, ५, १७, २५७, ६५,५३७. पाचही मूळ संख्या! १६४० साली त्याने पत्रात लिहिलं की घात असाच दुप्पट करत गेलं तर दर वेळी मूळ संख्याच मिळेल. सिद्धता आपल्याकडे नाही हे त्याने मान्य केलं, पण खात्री पक्की.

सहावी संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १, म्हणजे ४,२९,४९,६७,२९७. ३२ बिटच्या अनसाइन्ड इंटिजरमध्ये ती जेमतेम मावत नाही, २ ने जास्त होते. आज लॅपटॉप क्षणात सांगेल, पण तेव्हा सगळं हातानं!

१७२९ साली गोल्डबाखने ऑयलरला पत्रातून विचारलं, फर्माचं हे म्हणणं ठाऊक आहे का? १७३२ साली ऑयलरने उत्तर दिलं: ६४१ × ६७,००,४१७. झालं, दावा कोसळला.

ऑयलरची युक्ती अशी. या संख्येच्या कुठल्याही मूळ भाजकाला ६४ ने भागलं तर बाकी १ च उरते. मग तपासायचं काय? १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकारात काम फत्ते!

आणि खरी चुटपुट पुढेच आहे. ही अट ज्यातून निघते तो 'छोटा सिद्धांत' खुद्द फर्माचा, तोही १६४० च्याच एका पत्रातला. म्हणजे हत्यार हातात होतं, आणि गरज होती फक्त पाच भागाकारांची. एकतर त्याने ते केले नाहीत, किंवा करताना कुठेतरी चुकला.

पुढच्या ज्या ज्या संख्यांचा निकाल आजवर लागलाय, त्यातली एकही मूळ निघालेली नाही. म्हणजे फर्माने तपासलेल्या पाचच काय त्या खऱ्या!

असो. सोमवारी ऑफिसला गेल्यावर पहिलं काम, सहावी टेस्ट केस लिहिणे.