गाडीचे वय कोण मोजते? मारुती ८०० आणि मोडीत काढण्याचा इतिहास

दारात उभी असलेली, वीस वर्षांची, लिटरमागे सोळा किलोमीटर आजही देणारी लहान मोटार ठेवावी की काढावी? वरवर पाहता हा घरगुती हिशेबाचा प्रश्न आहे. टायर, बॅटरी, विम्याचा हप्ता, मेकॅनिकचे मत आणि घरातल्या ज्येष्ठांची माया एवढ्यावर त्याचा निकाल लागावा. परंतु भारतात हा निर्णय पूर्णपणे घराच्या हाती फार थोडा काळ होता. गाडी केव्हा मिळणार हे आधी सरकारी परवाने ठरवत. ती केव्हा सोडायची हे आता बहुतांशी कायदा आणि न्यायालये ठरवतात. मधल्या चार दशकांची ही कहाणी मारुती ८००च्या चरित्रात जितकी स्वच्छ दिसते, तितकी दुसऱ्या कोणत्याही गाडीच्या चरित्रात दिसत नाही. या धाग्यात तीच पाहायची आहे.

१९८३ पूर्वीच्या भारतात ‘जुनी गाडी काढावी का’ हा प्रश्न जवळजवळ अस्तित्वातच नव्हता. परवाना पद्धतीत मोटार ही चैनीची वस्तू मानली जाई आणि उत्पादनावर मर्यादा असे. रस्त्यावर मुख्यतः हिंदुस्तान मोटर्सची अँबेसेडर आणि मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर कंपनीची फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी. नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबावे लागे. ज्या समाजात नवी गाडी मिळत नाही, तिथे जुनी गाडी मरत नाही. तिचे इंजिन पुन्हा बांधले जाते, पत्रा ठोकला जातो, सुटे भाग पेठेतून शोधून आणले जातात. पुण्याची नाना पेठ किंवा दिल्लीचे मायापुरी हे बाजार याच गरजेवर पोसले गेले. दुरुस्तीची ही परंपरा पुढे मारुतीलाही लाभली.

मारुती उद्योग ही सरकारी कंपनी १९८१ मध्ये स्थापन झाली. ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानच्या सुझुकीशी करार झाला आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली. किल्ली खुद्द पंतप्रधान इंदिरा गांधींनी दिली. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन, पुढच्या चाकांना गती आणि किंमत सुमारे पन्नास हजार रुपये. लाखाहून अधिक लोकांनी आगाऊ रक्कम भरून नोंदणी केली होती. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघे, त्याला ती गाडी दुसऱ्याच दिवशी जास्त दराने विकता येई. ज्या दिल्लीकराला पहिली किल्ली मिळाली, त्याने मात्र ती विकली नाही. २०१० मध्ये त्याचे निधन होईपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षांहून अधिक काळ, गाडी त्याच्याकडेच राहिली. पुढे कंपनीने तिची डागडुजी केली आणि ती आपल्या मुख्यालयात प्रदर्शनासाठी ठेवली.

त्या सव्वीस वर्षांच्या दरम्यान कायदा बदलला होता आणि या बदलाची नोंद फार थोडे लोक घेतात. १ जुलै १९८९ पासून लागू झालेल्या मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ४१ नुसार खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांसाठी वैध असते आणि नंतर पाच-पाच वर्षांसाठी तिचे नूतनीकरण करता येते. याच अधिनियमातील कलम ५९ केंद्र सरकारला वाहनांची आयुर्मर्यादा ठरवण्याचा वेगळा अधिकार देते. दोन्ही कलमे शेजारी ठेवून वाचावीत. पंधरा वर्षे ही नोंदणीच्या कागदाची मुदत होती, गाडीचे आयुष्य नव्हे. आयुष्य ठरवण्यासाठी कायद्याने स्वतंत्र दार ठेवले होते. पुढच्या पंचवीस वर्षांत मात्र जनमानसात, वृत्तपत्रांत आणि अखेर न्यायालयीन आदेशांतही कागदाची मुदत हीच गाडीची मुदत होऊन बसली. पासपोर्ट संपला म्हणून माणूस संपला असे कुणी म्हणत नाही. गाडीच्या बाबतीत नेमके तेच घडले.

याचे कारण हवेत होते, आणि ते खोटे नव्हते. दिल्लीच्या प्रदूषणावरील एम. सी. मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये पंधरा वर्षांहून जुन्या व्यावसायिक वाहनांना दिल्लीतून हटवण्याचे आदेश दिले. १९९९ मध्ये राजधानी परिसरात नव्या गाड्यांसाठी युरो मानके लागू करण्याचा आदेश आला. शिसेयुक्त पेट्रोल २००० पर्यंत देशभरातून गेले. मारुती ८०० नेही या काळात रूप बदलले. आधी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला, मग कार्ब्युरेटर जाऊन इंधन फवारणारी एमपीएफआय प्रणाली आली. म्हणजे १९८८ ची आणि २००५ ची मारुती ८०० नावाने एकच असली, तरी धुराच्या दृष्टीने त्या दोन निराळ्या गाड्या आहेत. हा भेद वर्षे मोजून पकडता येतो, पण ढोबळपणेच.

मग धूरच का मोजू नये? सामान्य वाचकाला पडणारा हा रास्त प्रश्न आहे. पेट्रोल गाडीच्या पीयूसी तपासणीत उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवून सायलेन्सरमध्ये नळी घालतात आणि कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन यांचे प्रमाण पाहतात. नायट्रोजनची ऑक्साइडे त्यात मोजली जात नाहीत, आणि चढावर भार घेऊन धावणारी गाडी काय सोडते हेही कळत नाही. तपासणी इतकी तोकडी असल्यामुळे प्रशासनाने सोपी खूण निवडली. जन्मतारीख नोंदणी पुस्तकावर छापलेली असते; ती वाचायला यंत्र लागत नाही आणि तिच्यावर वाद घालता येत नाही. कारभाराच्या सोयीचा हा विजय होता, न्यायाचा मात्र नव्हे.

२०१० हे वर्ष या गाडीच्या आयुष्यातील खरे वळण आहे. त्या वर्षी १ एप्रिलपासून तेरा शहरांत बीएस-४ मानक लागू झाले. त्यांत दिल्ली होती. आपल्याकडील मुंबई, पुणे आणि सोलापूरही होते. मारुती ८०० चे इंजिन या मानकापर्यंत नेण्याचा खर्च न करता कंपनीने या शहरांतील तिची विक्री थांबवली. गावोगावी ती विकली जात राहिली. १८ जानेवारी २०१४ रोजी शेवटची गाडी बाहेर पडली, तोवर एकट्या भारतात सव्वीस लाखांहून अधिक विकल्या गेल्या होत्या.

जुन्या गाड्यांचे काय करावे हा प्रश्न त्या सुमारास जगभर विचारला जात होता, आणि दोन देशांनी दिलेली उत्तरे भारताच्या संदर्भात फार बोलकी आहेत. २००८ च्या मंदीनंतर जर्मनीने नऊ वर्षांहून जुनी गाडी मोडून नवी घेणाऱ्याला २,५०० युरो देऊ केले. तिथे कसोटी वयाची होती. पाच अब्ज युरोंचा निधी २००९ च्या सप्टेंबरपर्यंत संपला आणि वीस लाखांच्या घरात गाड्या मोडीत गेल्या. त्यांत चांगल्या चालणाऱ्या, कमी इंधन खाणाऱ्या लहान गाड्याही होत्या, कारण नियमाला त्यांची चाल दिसत नव्हती. अमेरिकेने त्याच वर्षी ३,५०० ते ४,५०० डॉलरची योजना आणली, पण कसोटी निराळी ठेवली. गॅलनमागे अठरा मैल किंवा त्याहून कमी, म्हणजे लिटरमागे सुमारे साडेसात किलोमीटरपर्यंतच चालणारी गाडीच प्रामुख्याने पात्र होती. परिणाम असा की वीस वर्षांची काटकसरी जपानी मोटार बाळगणाऱ्याला सरकारने एक डॉलरही दिला नाही. ‘तुमची गाडी आहे तिथेच ठीक आहे’ असाच त्याचा अर्थ. जी गाडी पात्र ठरे तिच्या इंजिनात सोडियम सिलिकेटचे द्रावण ओतून ते कायमचे जाम करत, जेणेकरून ती मागच्या दाराने पुन्हा रस्त्यावर येऊ नये.

भारताने जर्मन वाट धरली, तीही बक्षीस देऊन नव्हे तर बंदीने. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २६ नोव्हेंबर २०१४ रोजी पंधरा वर्षांहून जुन्या वाहनांना दिल्लीच्या रस्त्यांवर मज्जाव केला. एप्रिल २०१५ मध्ये डिझेल गाड्यांसाठी दहा वर्षांची मर्यादा आली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सारे उचलून धरले. आता गुरुग्रामच्या एकाच कारखान्यातून २००५ मध्ये बाहेर पडलेल्या दोन मारुती ८०० डोळ्यांसमोर आणाव्यात. दिल्लीत नोंदलेली गाडी २०२० मध्ये रस्त्यावरून बाद झाली. कोल्हापुरात नोंदलेली त्याच वर्षी आरटीओकडे पासिंगला गेली, पर्यावरण कर भरला आणि पुढच्या पाच वर्षांचा शिक्का घेऊन परतली. दिल्लीतील कित्येक गाड्या ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन परराज्यांत विकल्या गेल्या त्या यामुळेच. राजधानीत घातक ठरलेली वस्तू राज्याची सीमा ओलांडताच पुन्हा उपयुक्त झाली.

महाराष्ट्राला वयाच्या नियमाचा अनुभव नव्हता असे नाही. मुंबईच्या टॅक्सींना वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिची मुदत संपली आणि ती पिढी अधिकृतपणे रस्त्यावरून गेली. पण दिवसभर प्रवासी वाहणारी टॅक्सी आणि आठवड्यातून दोनदा मंडईपर्यंत जाणारी घरची गाडी यांना एकाच मापाने मोजणे हे खाणावळीच्या पातेल्याचे आणि देवघरातल्या तांब्याचे आयुष्य सारखे मानण्यासारखे आहे.

ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राचे वाहन मोडीत काढण्याचे धोरण आले. त्याने देशभर बंदी घातली नाही. ठेवणे महाग केले आणि सोडणे थोडे आकर्षक केले. पंधरा वर्षांवरील मोटारीचे नूतनीकरण शुल्क एप्रिल २०२२ पासून सहाशे रुपयांवरून पाच हजार झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते दहा हजार करण्यात आले. दुसऱ्या बाजूला नव्या गाडीच्या किमतीच्या चार ते सहा टक्के भंगारमूल्य आणि नव्या खासगी गाडीच्या करात पंचवीस टक्क्यांपर्यंत सवलत यांची तरतूद आहे. या सवलतींचा मोठा भाग नव्या खरेदीशी बांधलेला आहे. जुनी गाडी काढून बसने फिरू इच्छिणाऱ्या निवृत्त शिक्षकाचा विचार या धोरणात फारसा दिसत नाही.

आता त्या शिक्षकाचा हिशेब मांडून पाहू. गाडी वर्षाला तीन हजार किलोमीटर चालते असे धरले आणि लिटरमागे सोळा किलोमीटर, तर सुमारे १८८ लिटर पेट्रोल लागते. बावीसचे अॅव्हरेज देणाऱ्या नव्या गाडीला १३६ लिटर लागेल. बचत सुमारे ५१ लिटरची. लिटरला १०५ रुपये धरले तर साडेपाच हजारांच्या आतली. पाच लाखांच्या गाडीवर नऊ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचे व्याजच पंचेचाळीस हजार होते. वापर पाचपट वाढवला तरी इंधनाची बचत या व्याजाला गाठत नाही. ‘जुनी गाडी परवडत नाही’ हे वाक्य निदान काटकसरी लहान गाडीबाबत पेट्रोलच्या आकड्यांनी सिद्ध होत नाही.

दिल्लीत मात्र हा हिशेब करण्याची मुभाच उरलेली नाही. जुलै २०२५ मध्ये तेथे मुदत संपलेल्या गाड्यांना पंपावर इंधन नाकारण्याचा प्रयोग सुरू झाला आणि काही दिवसांतच थांबवावा लागला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या आधारे मालकांवर कारवाई करू नये असे सांगितले. डिसेंबरमध्ये त्याच न्यायालयाने हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढील गाड्यांपुरते मर्यादित केले. कसोटी वयाकडून मानकाकडे सरकली, ही तत्त्वतः स्वागतार्ह गोष्ट. पण मारुती ८०० दिल्लीत बीएस-४ लागू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंतच विकली गेली होती. त्यामुळे त्या शहरात विकल्या गेलेल्या एकाही मारुती ८०० ला या संरक्षणाचा लाभ नाही.

गाडी काढण्याच्या बाजूचे सर्वांत वजनदार कारण मात्र या साऱ्या आदेशांत गौण राहिले आहे. जानेवारी २०१४ मध्ये, मारुती ८०० चे उत्पादन थांबले त्याच महिन्याच्या अखेरीस, ग्लोबल एनकॅप संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान मोटारींच्या टक्कर-चाचण्यांचे निकाल जाहीर केले. एअरबॅग नसलेल्या त्या पाचही गाड्यांना प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. चालकापुढची एअरबॅग भारतात नव्या मोटारींना सक्तीची झाली ती जुलै २०१९ पासून. त्याआधीच्या रचनेची, साडेसहाशे किलोंच्या आसपास वजनाची, पातळ पत्र्याची आणि एअरबॅग नसलेली मारुती गावातल्या गावात तीस-चाळीसच्या वेगाने फिरते तेव्हा तिचा मालक हिशेबात चुकत नाही. तीच गाडी चार माणसे बसवून द्रुतगती महामार्गावर मालमोटारींच्या रांगेत शिरते, तेव्हा प्रश्न लिटरचाही राहत नाही आणि नोंदणी पुस्तकावरच्या तारखेचाही नाही.