लिटर, घन डेसिमीटर आणि दशांशचिन्ह

२५० मिलिलिटरांचे लिटर करावयाचे असता दशांशचिन्ह तीन स्थळे डावीकडे न्यावे व ०.२५ लिटर असे उत्तर लिहावे. तसेच मिलिलिटर म्हणजेच घन सेंटिमीटर समजावा, असे पाठ्यपुस्तकांत एका दमात सांगितलेले असते. यांपैकी पहिले विधान नेहमीच खरे होते. दुसरे मात्र त्रेसष्ट वर्षे काटेकोर अर्थाने खोटे होते.

क्रांतिपूर्व पॅरिसमध्ये धान्य ‘सेतिए’ या मापाने मोजीत. गव्हाचा सेतिए १२ ब्वासोंचा, ओटचा २४ ब्वासोंचा, आणि एका ब्वासोत १६ ‘लित्रों’. जिन्नस बदलला की कोष्टक बदले. (आपल्याकडील खंडीही स्थळपरत्वे बदलत असे.) ७ एप्रिल १७९५ च्या कायद्याने घन डेसिमीटरएवढ्या धारकतेस ‘लिटर’ हे नाव देऊन त्याच्या दहापटींची मालिका बांधली. लांबी दहापट केली असता घनफळ सहस्रपट होते. म्हणून घनमापांत चिन्ह तीन-तीन स्थळे सरकते, आणि लिटरच्या मालिकेत एकेक. बाजाराच्या हातास मात्र निम्मे-पाव करण्याची सवय होती. १८१२ मध्ये नेपोलियनच्या राजवटीने ब्वासो परत आणला, तो हेक्टोलिटरचा आठवा हिस्सा, म्हणजे १२.५ लिटर, या रूपाने. दशमान मापे अनिवार्य झाली ती १ जानेवारी १८४० पासून.

घोटाळ्याचे मूळ मात्र निराळे आहे. १७९९ मध्ये घडविलेला प्लॅटिनमचा किलोग्रॅम एक घन डेसिमीटर पाण्याच्या भाराचा असावा, असा संकल्प होता. तो किंचित भारी ठरला, हे पुढील मापनांनी दाखविले. तेवढे पाणी कमाल घनतेच्या वेळी १००० नव्हे, तर सुमारे १०००.०२८ घन सेंटिमीटर जागा व्यापते. १९०१ च्या आंतरराष्ट्रीय वजनमाप परिषदेने एक किलोग्रॅम पाण्याचे आकारमान म्हणजे लिटर, अशी व्याख्या केली. प्रस्तुत लेखकास हा निर्णय अविचाराचा वाटत नाही. भांड्याच्या बाजू मोजण्यापेक्षा त्यातील पाणी तोलणे अधिक सुकर व बिनचूक होते. परंतु त्यामुळे मिलिलिटर व घन सेंटिमीटर यांत दशलक्षांत २८ भागांचे अंतर पडले. गवळ्यास त्याची क्षिती नव्हती. सूक्ष्म घनता मोजणाऱ्यास होती.

१९६४ च्या परिषदेने ती व्याख्या रद्द करून लिटर हे घन डेसिमीटरचेच दुसरे नाव ठरविले, आणि अतिसूक्ष्म मापनांत ते न वापरण्याची शिफारसही केली. म्हणूनच जुन्या कोष्टकांत पाण्याची कमाल घनता दर मिलिलिटरला नेमका १ ग्रॅम दिसते, आणि घन सेंटिमीटरच्या हिशेबाने ०.९९९९७. अशी दोन कोष्टके शेजारी ठेवताना त्यांवरील वर्ष प्रथम पाहावे लागते.