शनिवारची आगगाडी

छंद हा इतिहासाचा विषय नव्हे, असे पुष्कळांना वाटते. इतिहास म्हणजे राजे, लढाया आणि तह. छंद म्हणजे रिकामा वेळ. परंतु तो रिकामा वेळ माणसाच्या हाती आला कोठून, असे विचारले की छंदाचाही इतिहास सुरू होतो. अशाच एका छंदाची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत. ती ब्रिटनमधील वेल्स प्रांतातली आहे, आणि तिचा नायक आहे सुटीच्या दिवशी वाफेच्या इंजिनाची सेवा करणारा साधा नोकरदार माणूस.

पश्चिम वेल्समध्ये टाउइन नावाचे समुद्रकाठचे लहानसे गाव आहे. तेथून आत डोंगराकडे गेले, की मेंढ्यांची कुरणे, दगडी बांध आणि सदाचा पाऊस. त्या डोंगरात ब्रिन एग्लुइस येथे पाटीच्या दगडाची खाण होती. तो दगड खाली आणण्यासाठी १८६५ साली टॅलिलिन रेल्वे तयार झाली. लांबी सुमारे सात मैल, आणि दोन रुळांमधले अंतर अवघे सव्वादोन फूट. खाण भरात होती तेव्हा तेथे सुमारे ३०० माणसे राबत. त्यांतले बरेच जण आठवडाभर खाणीवरच्या बराकींत राहत आणि आठवडा संपला की याच गाडीने घरी जात. शनिवारच्या गाडीचा पहिला उतारू हा असा दगडाच्या धुळीने माखलेला मजूर होता.

१९११ साली खाण व रेल्वे सर हेन्री हेडन जोन्स यांच्याकडे आली. १९४६ च्या अखेरीस खाणीत दरड कोसळली आणि काम कायमचे थांबले. रेल्वेला उत्पन्न उरले नाही. पण आपण जिवंत आहोत तोवर गाडी चालेल, हा शब्द सर हेडन यांनी पाळला. १९४८ मध्ये देशातील बहुतेक रेल्वे सरकारच्या मालकीच्या झाल्या, तेव्हा ही चिमुकली रेल्वे वगळली गेली. जुलै १९५० मध्ये सर हेडन वारले. त्या वेळी १८६६ चे ‘डोल्गॉख’ हे एकच इंजिन कसेबसे चालत होते. स्लीपर कुजले होते. रुळांना गवतानेच धरून ठेवले होते म्हणा ना!

त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला लेखक एल. टी. सी. रोल्ट व त्यांच्या मित्रांनी बर्मिंगहॅम शहरात सभा बोलावली. रेल्वे वाचवण्यासाठी संस्था निघाली, आणि १४ मे १९५१ रोजी तिची पहिली गाडी सुटली. स्वयंसेवकांनी वाचवून चालवलेली ही जगातील पहिली रेल्वे होय.

या स्वयंसेवकांचा सुटीचा दिवस कसा जातो, ते पाहण्यासारखे आहे. पहाटे अंधारातच शेडमध्ये यायचे. काचनळीत पाणी किती आहे ते आधी पाहायचे, मगच आगीला हात लावायचा. आदल्या दिवशीची राख काढायची, लाकडे व तेलाच्या चिंध्या पेटवायच्या, त्यांवर बेताबेताने कोळसा घालायचा. वाफ धरायला काही तास लागतात. तेवढ्यात पितळ घासायचे, सांध्यासांध्यांत तेल सोडायचे. संध्याकाळी पुन्हा राख, पुन्हा काजळी. देवपूजेचा क्रम चुकू नये तसा हा क्रम चुकत नाही. येथे तर चुकून चालतच नाही, कारण पाण्यावाचून तापलेला बॉयलर कोणाची गय करीत नाही.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. फुकट काम म्हटले की आमच्या कपाळाला आठी पडते. कारण एक जण फुकट राबला, की दुसऱ्याची रोजी बुडते असा आमचा अनुभव आहे. म्हणून येथेही दोन प्रश्न विचारले पाहिजेत. नफा कोणाच्या खिशात जातो? आणि राबणाऱ्याला ‘नाही’ म्हणता येते काय? टॅलिलिनवर खाण बंद पडून रोजगार आधीच गेला होता, नफा खाणारा मालक उरला नव्हता, आणि नेहमीच्या कामाला पगारी माणसेही ठेवली गेली. शिवाय स्वयंसेवक एका शनिवारी आला नाही, तर त्याच्या घरची चूल विझत नाही. जुन्या फायरमनची विझत असे. फावडे तेच, कोळसा तोच; फरक आहे तो या मोकळिकीचा.

ही मोकळीक कोणी आयती दिलेली नाही. १८५० च्या ब्रिटिश कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतील स्त्रिया व तरुण कामगारांचे शनिवारचे काम दुपारी दोनला थांबले. पगारी रजेचा कायदा व्हायला १९३८ साल उजाडले. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि १० जून १८९० रोजी मालकांनी आठवड्याची सुटी मान्य केली. पुढच्याच वर्षी ती कायद्यात आली. रविवार हा खंडोबाचा वार. गिरणीतल्या माणसाला त्या दिवशी देवाला जाता येऊ लागले, पोराला मांडीवर घेता येऊ लागले.

ऑगस्ट १९६८ मध्ये ब्रिटनच्या सरकारी मुख्य मार्गांवरची वाफेची नेहमीची वाहतूक संपली. टॅलिलिनची गाडी चालूच राहिली. १९७६ मध्ये तिचा मार्ग थोडा पुढेही वाढला. २०२१ साली युनेस्कोने त्या भागातील पाटीच्या दगडाचा सारा मुलूख जागतिक वारसा म्हणून मान्य केला, त्यात ही रेल्वेही आहे. मान मिळाला तो इंजिनांना आणि डोंगरांना. पण आमच्या मते त्या वारशात आणखी एक वस्तू मोजली पाहिजे: आठवड्यातला तो सुटीचा दिवस. खाणीतल्या मजुराला तो घरी पोचण्यापुरता मिळाला. त्याच्यामागून आलेल्या पिढ्यांनी तो झगडून वाढवला, म्हणून नातवांना काळ्या हातांनी पितळ घासण्याची चैन करता येते. ज्यांची सुटी आजही मालकाच्या मर्जीवर आहे, त्यांना अजून कोणताच छंद परवडत नाही.