खाली बसवलेली जुनी स्पोर्ट्स कार ओळखावी कशी?

जुनी स्पोर्ट्स कार पाहण्यासाठी गेलेल्या ग्राहकाची नजर प्रथम रंगावर जाते, मग चाकांवर आणि त्यानंतर मीटरवरील किलोमीटरच्या आकड्यावर. चाक आणि मडगार्ड यांच्यामधील फटीकडे मात्र क्वचितच कोणी लक्षपूर्वक पाहते. वास्तविक गाडीचा पूर्वेतिहास सांगणाऱ्या खुणांमध्ये या फटीचा क्रमांक बराच वरचा आहे. अनेक वर्षांच्या बचतीतून घेतलेली गाडी पहिल्याच पावसाळ्यात खड्ड्यांवर आपटू लागते, टायर आतल्या बाजूने झिजतात आणि गॅरेजमध्ये गेल्यावर समजते की, आधीच्या मालकाने सस्पेन्शन खाली बसवून घेतलेले होते. ही फसगत टाळणे फारसे कठीण नाही. एक मोजपट्टी, एक विजेरी आणि अर्ध्या तासाचा संयम एवढ्या भांडवलावर बरेच काही कळू शकते.

गाडी खाली का बसवतात?

गाडीचा गुरुत्वमध्य जितका जमिनीलगत, तितका वळणावर तिचा कल कमी आणि पकड अधिक, हे तत्त्व शर्यतीच्या मैदानातून आले. मात्र रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या केवळ दिसण्यासाठी खाली बसवल्या जातात. त्यासाठी प्रामुख्याने तीन मार्ग अवलंबले जातात. पहिला, मूळ स्प्रिंग काढून आखूड व अधिक कडक स्प्रिंग बसवणे. दुसरा, ‘कॉइलओव्हर’ म्हणजे आट्यांच्या साहाय्याने उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग व शॉक अॅब्सॉर्बरचा एकत्रित संच लावणे. तिसरा आणि सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे मूळ स्प्रिंगचे एक-दोन वेढे ग्राइंडरने कापून टाकणे.

पहिले दोन मार्ग जाणकाराने काळजीपूर्वक हाताळले, तर गाडी उत्तम चालू शकते. तिसरा मार्ग मात्र धोक्याचा आहे. स्प्रिंगचे वेढे कमी झाले की तिचा ताठरपणा त्याच प्रमाणात वाढतो. आठ कार्यरत वेढ्यांपैकी एक कापला, तर ताठरपणा सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो. शॉक अॅब्सॉर्बर मात्र जुन्याच स्प्रिंगच्या हिशेबाने बनवलेला असतो. शिवाय चाकाला वर सरकण्यासाठी उरणारी जागा घटते. मूळ गाडीत चाक ८० मिलीमीटर वर जाऊ शकत असेल आणि गाडी ४० मिलीमीटर खाली आणली असेल, तर निम्मीच जागा शिल्लक राहते. मग प्रत्येक मोठा खड्डा रबरी ठोकळ्यावर आणि अखेर गाडीच्या सांगाड्यावर आदळतो.

मोजमाप : जमिनीपासून नव्हे, चाकाच्या मध्यापासून

नुसत्या नजरेने केलेला अंदाज फसवा असतो. मोठी चाके किंवा रुंद टायर बसवले तरी फट कमी दिसते आणि सस्पेन्शनला हात न लावताही गाडी बसकी भासते. म्हणून मोजणी करावी, तीही चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत. जमिनीपासून मोजल्यास टायरचा आकार हिशेबात घुसतो. उदाहरणार्थ, २२५/४५ आर १७ ऐवजी २२५/४० आर १७ आकाराचा टायर लावला, तर टायरची भिंत सुमारे ११ मिलीमीटरने कमी होते आणि गाडी तेवढीच खाली येते. चाकाच्या मध्यापासून घेतलेल्या मापावर याचा परिणाम होत नाही.

मोजणीपूर्वी काही पथ्ये पाळावी लागतात. गाडी सपाट जागी उभी असावी, टायरमधील हवा कंपनीने सांगितल्याइतकी असावी आणि डिकी रिकामी असावी. गाडी नुकतीच जॅकवरून उतरवली असेल, तर ती काही मीटर पुढे-मागे चालवून घ्यावी, अन्यथा सस्पेन्शन पूर्ण बसत नाही आणि माप जास्त येते. चारही चाकांची मापे लिहून घ्यावीत आणि कंपनीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधील आकड्यांशी ताडून पाहावीत. मॅन्युअल उपलब्ध नसेल, तर त्याच वर्षाच्या, त्याच प्रकारच्या आणि मूळ स्थितीतील दुसऱ्या गाडीची मापे घ्यावीत. अपघातानंतर मडगार्ड बदललेले असल्यास त्याची कडच जागेवर नसण्याची शक्यता असते. अशा वेळी दाराखालच्या पट्टीची जमिनीपासूनची उंचीही दोन्ही बाजूंनी तपासावी.

कंपनीनेच खाली बसवलेली गाडी

आकडा कमी आला म्हणजे मालकाने बदल केलाच, असा निष्कर्ष घाईने काढू नये. एकाच मॉडेलच्या गाड्या कारखान्यातूनच वेगवेगळ्या उंचीच्या निघतात. पोर्शे ९११च्या ९९७ या पिढीत इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेले सस्पेन्शन घेतल्यास गाडी १० मिलीमीटरने खाली येत असे, तर पर्यायी स्पोर्ट्स सस्पेन्शनमध्ये ती २० मिलीमीटरने खाली असे. त्यामुळे ‘त्या मॉडेलची’ नव्हे, तर ‘त्याच गाडीची’ मूळ जोडणी कोणती होती, हे पाहणे आवश्यक ठरते.

याच्या उलट उदाहरण ब्रिटनच्या एमजीबी या गाडीचे आहे. १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या या गाडीला अमेरिकेच्या बंपरविषयक नियमांमुळे १९७४च्या उत्तरार्धात काळे रबरी बंपर आले आणि नियमातील उंची गाठण्यासाठी कंपनीने गाडीच एक ते दीड इंचाने वर उचलली. हाताळणी बिघडल्याची तक्रार झाली आणि पुढे अनेक मालकांनी या गाड्या पुन्हा खाली बसवल्या. त्या गाडीच्या मागच्या बाजूला पाट्यांच्या स्प्रिंगा असतात. पाटे आणि अॅक्सल यांच्यामध्ये धातूचा ठोकळा घातलेला दिसला की मागची बाजू खाली आणली आहे, हे उघड होते.

१९८९पर्यंतच्या जुन्या ९११ गाड्यांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांना गुंडाळीच्या स्प्रिंगऐवजी पीळ घेणारे दांडे असत. त्यांची जुळवणी बदलून एकही नवा भाग न लावता उंची कमी करता येते. अशा गाडीत बदललेला भाग शोधत बसण्यात अर्थ नाही. तेथे मोजपट्टीवरच विसंबावे लागते.

गाडीखालच्या खुणा

मापानंतर गाडी लिफ्टवर घ्यावी. विक्रेता त्यास तयार नसेल, तर तेही एक उत्तरच समजावे.

प्रथम स्प्रिंग पाहावी. मूळ स्प्रिंग सहसा काळी किंवा करडी असते आणि तिच्यावर रंगाचे ठिपके वा पट्टे तसेच भागाचा क्रमांक असतो. लाल, पिवळी किंवा निळी झगझगीत स्प्रिंग बाहेरच्या कंपनीची असण्याची शक्यता अधिक असते. मात्र रंग ही केवळ सूचना आहे, पुरावा नव्हे. खरा पुरावा छापील क्रमांकाचा. शॉक अॅब्सॉर्बरच्या नळीवर बाहेरून आटे आणि त्यावर फिरणारी कडी दिसली, तर तो कॉइलओव्हर संच होय. स्प्रिंगचे टोक आडवे कापलेले असेल, त्यावर ग्राइंडरच्या खुणा वा उघडा गंज असेल किंवा ते बैठकीत नीट बसत नसेल, तर स्प्रिंग कापली आहे असे समजावे. चाके हवेत लोंबकळत असताना स्प्रिंग हाताने हलवून पाहावी. ती सैल होऊन खुळखुळत असेल, तर ती त्या गाडीसाठी आखूड आहे.

त्यानंतर चाकाला धरणारे खालचे आडवे हात पाहावेत. हे निरीक्षण मात्र गाडी चाकांवर उभी असताना, खड्ड्यात उतरून किंवा चाकांखालून उचलणाऱ्या लिफ्टवर करावे. बऱ्याच गाड्यांत हे हात जवळपास आडवे किंवा चाकाकडे किंचित उतरते असतात. चाकाकडचे टोक स्पष्टपणे वर चढलेले दिसले, तर गाडी बरीच खाली आणलेली असते. हाताच्या सांध्यांतील रबरी बुश फाटलेले असतील, तर तीही पूरक खूण होय, कारण उंची बदलल्यावर बोल्ट सैल करून पुन्हा आवळले नाहीत, तर ही रबरे सतत पिळलेल्या अवस्थेत राहतात.

पुढच्या बंपरची खालची कड, एक्झॉस्टचा पाइप, इंजिनखालचे आवरण आणि जॅक लावण्याच्या जागा यांवरील खरवडल्याच्या खुणा नजरेआड करू नयेत. मडगार्डच्या आतील प्लास्टिकवर टायर घासल्याचे गुळगुळीत पट्टे असतील किंवा मडगार्डची आतली कड आत दुमडलेली असेल, तर टायर तेथे टेकत होता हे निश्चित.

टायरची साक्ष

गाडी खाली आली की बहुतेक सस्पेन्शनच्या रचनेमुळे चाकांचा वरचा भाग आत झुकतो. त्यासोबत चाकांची पुढची-मागची दिशाही बदलते आणि ती दुरुस्त करून घेतली नाही, तर टायरची आतली कड झपाट्याने झिजते. बाहेरून टायर नवा दिसतो, आत मात्र तारा उघड्या पडलेल्या असतात. म्हणून हात आत घालून दोन्ही कडा चाचपून पाहाव्यात. याहून भरवशाचा उपाय म्हणजे खरेदीपूर्वी व्हील अलाइनमेंट करून त्याचा छापील कागद घेणे. मूळ मर्यादेबाहेरचे आकडे विक्रेत्याच्या गोड बोलण्यापेक्षा अधिक खरे असतात.

खाली बसवलेली की खचलेली?

जुन्या गाडीच्या स्प्रिंगा थकूनही खाली बसतात. अशी घट सहसा विषम असते. एक कोपरा किंवा चालकाची बाजू अधिक खचलेली आढळते. मोडलेल्या स्प्रिंगमुळे तर एकच कोपरा अचानक खाली येतो. जाणीवपूर्वक केलेला बदल मात्र डावी-उजवीकडे सारखाच दिसतो आणि पुढची बाजू व मागची बाजू यांमध्ये ठरवून राखलेले नाते असते. खचलेली स्प्रिंग हा देखभालीचा प्रश्न आहे, बदललेली स्प्रिंग हा इतिहासाचा.

सर्वांत चतुर विक्रेता विक्रीपूर्वी मूळ स्प्रिंगा पुन्हा बसवतो. माप बरोबर येते, पण खुणा उरतातच. बाकी सारे धुळकट असताना शॉक अॅब्सॉर्बरच्या वरचे नट तेवढे चकचकीत असतात, त्यांवर पान्याचे ओरखडे असतात, मडगार्डची कड दुमडलेलीच राहते आणि चाकाचा कोन बदलण्यासाठी लावलेले बाहेरचे हात कित्येकदा तसेच विसरले जातात. अशी गाडी वाईटच असते असे नाही, परंतु जे लपवले गेले, त्याचे कारण विचारण्याचा अधिकार ग्राहकाला आहे.

चालवून पाहताना

गाडी खराब रस्त्यावरून चालवल्याशिवाय व्यवहार करू नये. खड्ड्यावर ‘धप्प’ असा कोरडा आवाज येणे, खड्डा लागताच स्टीअरिंग आपोआप एका बाजूला ओढले जाणे, पूर्ण वळवताना टायर घासणे ही लक्षणे लक्षात ठेवावीत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. प्रत्यक्षात गल्लीबोळांतील अनेक गतिरोधक याहून अरुंद आणि उभट असतात. रोजच्या वाटेवरील गतिरोधक गाडी निर्वेध ओलांडते का, हे पाहणे म्हणूनच कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा मोलाचे ठरते.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ अन्वये निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. गाडी विकत घेतल्यावर ती जशी आहे तशी चालवण्याची जबाबदारी नव्या मालकावर येते. विमा कंपनीला बदल कळवलेला नसेल, तर अपघातानंतरच्या दाव्यात वाद उद्भवू शकतो.

व्यवहार कसा करावा?

बदल आढळला म्हणून गाडी सोडूनच द्यावी असे नाही. मूळ स्प्रिंगा व शॉक अॅब्सॉर्बर मालकाने जपून ठेवले आहेत का, काम कोठे झाले, त्याची बिले आहेत का, हे विचारावे. मूळ भाग मिळत असतील, तर ते व्यवहारातच मागून घ्यावेत. मिळत नसतील, तर चारही कोपऱ्यांच्या स्प्रिंगा, शॉक अॅब्सॉर्बर, रबरी बुश, टायर आणि अलाइनमेंट यांचा खर्च काढून किमतीतून वजा करावा. स्प्रिंग कापलेली असेल, तर मात्र ती बदलेपर्यंत गाडी महामार्गावर नेऊ नये.

दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, असे म्हणतात. जुन्या स्पोर्ट्स कारच्या बाबतीत मात्र जे आहे ते दिसत असते, फक्त त्यासाठी वाकून गाडीखाली पाहावे लागते. स्वच्छ कपड्यांचा मोह तेवढ्यापुरता सोडावा. गुडघ्याला लागलेली धूळ झटकता येते, चुकलेला व्यवहार झटकता येत नाही.