जांभळ्या टोमॅटोचा इतिहास

टोमॅटो म्हणजे तांबडे फळ, ही कल्पना आज सर्वत्र रूढ असली तरी ती फारशी जुनी नाही. इटलीतील वैद्य मात्तिओली याने १५४४ साली या फळाची नोंद केली, तेव्हा ते पिकल्यावर सोनेरी होते असे त्याने लिहिले. पुढे इटालियन भाषेत ‘पोमोदोरो’, म्हणजे सोन्याचे सफरचंद, हे नाव स्थिर झाले. तांबड्या जातींचा प्रसार झाल्यावरही ते नाव टिकून राहिले.

जांभळा टोमॅटो हा या रंगपरंपरेतील अलीकडचा टप्पा होय. तांबडा रंग लायकोपीनमुळे येतो, तर जांभळा अँथोसायनिन या रंगद्रव्यवर्गामुळे. लागवडीतील टोमॅटोच्या फळात हे द्रव्य सहसा तयार होत नाही. मात्र दक्षिण अमेरिकेतील सोलॅनम चिलेन्स आणि गॅलापागोस बेटांवरील सोलॅनम चीसमनी या वन्य जातींत त्याला कारण होणारी जनुके आढळतात. अशा वन्य जातींशी झालेल्या संकरांतून अमेरिकेतील ओरेगॉन राज्य विद्यापीठात जिम मायर्स यांनी ‘इंडिगो रोझ’ हा वाण सिद्ध केला. तो २०१२ साली प्रसृत झाला. त्याचा जांभळा रंग केवळ सालीत असतो, आणि तोही ऊन लागेल तेवढ्याच भागावर. पानाआड राहिलेला भाग जांभळा होत नाही. साल आरंभापासूनच गडद असल्यामुळे फळ पिकले की नाही, हे तिची चकाकी मावळण्यावरून आणि तळाचा हिरवा भाग तांबूस होण्यावरून ओळखावे लागते.

दुसरा मार्ग इंग्लंडमधील नॉर्विच येथे अनुसरला गेला. जॉन इनेस केंद्रातील कॅथी मार्टिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली स्नॅपड्रॅगन या फुलझाडाची दोन जनुके टोमॅटोत घातली. ही जनुके स्वतः रंग निर्माण करीत नाहीत. टोमॅटोच्या ठायी सुप्त असलेली रंगनिर्मितीची यंत्रणा ती कार्यान्वित करतात. त्यामुळे सालीबरोबर गरही जांभळा झाला. कर्करोगप्रवण उंदरांच्या आहारात हे फळ मिसळले असता त्यांचे सरासरी आयुष्य १४२ दिवसांवरून १८२ दिवसांवर गेले. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०२२ साली या वाणाच्या लागवडीस हरकत नसल्याचा निर्णय दिला, आणि २०२४ साली त्याचे बी तेथील घरगुती बागाईतदारांना विकत मिळू लागले.

येथे एक विवेक आवश्यक आहे. उंदरांवरील हा प्रयोग विशिष्ट जनुकीय दोष असलेल्या प्राण्यांवर झाला होता; त्यावरून मनुष्याच्या आयुर्मर्यादेविषयी अनुमान काढणे शास्त्रसंमत ठरत नाही. शिवाय अँथोसायनिन हे काही नवलाचे द्रव्य नव्हे. टोमॅटोचेच सजातीय असलेल्या वांग्याच्या सालीत ते असते, आणि ज्या जांभळावरून मराठीत ‘जांभळा’ हा शब्द आला, त्या फळाचा रंगही त्याच वर्गातील द्रव्यांचा आहे. तेव्हा नव्या वाणाचे खरे वैशिष्ट्य नित्याच्या भाजीत ते द्रव्य विपुल प्रमाणात आणले, एवढेच मानावे. रंग डोळ्यांना दिसतो. गुण मात्र प्रयोगानेच सिद्ध व्हावा लागतो.