मौलानांचा आवाज, हुमायून कबीरांची लेखणी

मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या 'इंडिया विन्स फ्रीडम' या पुस्तकातली वाक्ये आजही सारखी कानावर येतात. फाळणीला जबाबदार कोण, 1946 मध्ये काँग्रेसचे अध्यक्षपद कुणाकडे जायला हवे होते, नेहरू कुठे चुकले, असा वाद निघाला की कुणीतरी म्हणतेच, "खुद्द मौलाना आझादांनी लिहून ठेवलंय!" अडचण एवढीच, की मौलानांनी ते लिहिलेले नाही. ते सांगितले मौलानांनी आणि इंग्रजीत उतरवले हुमायून कबीर यांनी. मौलाना ज्यांना माहीत आहेत, अशांपैकी अनेकांना हे दुसरे नाव माहीत नसते. म्हणून हा लेख.

कबीरांचा जन्म 1906 चा, पूर्व बंगालातल्या फरीदपूर भागातला. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आणि नंतर ऑक्सफर्डमध्ये शिकून ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले. बंगालीत कविता केल्या, पद्मेच्या काठच्या माणसांवर 'नदी ओ नारी' ही कादंबरी लिहिली. 1937 मध्ये ते बंगालच्या विधान परिषदेवर गेले, तेही मुस्लिम लीगकडून नव्हे. कूळकायदा आणि सावकारी कर्ज हे ज्या कृषक प्रजा पक्षाचे मुख्य प्रश्न होते, त्या पक्षाचे ते होते. लीगचा जोर वाढत असताना बंगाली मुसलमान म्हणून ही वाट धरणे सोपे नव्हते. हीच वाट त्यांना मौलानांकडे घेऊन गेली.

अहमदनगरच्या किल्ल्यातला तुरुंगवास संपवून मौलाना 1945 मध्ये सुटले. सिमला परिषद आणि त्यानंतरची कॅबिनेट मिशनची बोलणी या धामधुमीत कबीर त्यांच्यासोबत काम करत होते. मौलानांना इंग्रजी वाचून कळत असे, पण बोलायचे ते उर्दूतच. वाटाघाटींची सगळी कागदपत्रे मात्र इंग्रजीत. अशा नेत्याजवळच्या इंग्रजी जाणणाऱ्या माणसाला किती महत्त्व येते, हे वेगळे सांगायला नको.

स्वातंत्र्यानंतर मौलाना शिक्षणमंत्री झाले. 1948 मध्ये कबीर त्यांच्या मंत्रालयात संयुक्त शैक्षणिक सल्लागार म्हणून आले आणि पुढे शिक्षण सचिव झाले. त्या काळात 'सल्लागार' हे शोभेचे पद नव्हते. मंत्रालयाचा कारभार याच पदावरच्या माणसांच्या हातून चाले. सांस्कृतिक संबंध परिषद (1950), खरगपूरची आयआयटी (1951), साहित्य अकादमी (1954) ही याच वर्षांतली उभारणी. या मंत्रालयातले दुसरे मोठे नाव ख्वाजा गुलामुस सय्यदैन यांचे. स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षे ते आपल्या मुंबई सरकारचे शैक्षणिक सल्लागार होते. फाळणीनंतर संशयाच्या नजरा झेलणाऱ्या समाजातली ही माणसे साऱ्या देशाच्या शिक्षणाचा आराखडा आखत होती. आपल्या मुलांना हे सांगितले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

आता त्या पुस्तकाकडे वळू. मौलाना आत्मचरित्र लिहायला राजी नव्हते, कबीरांनी त्यांचे मन वळवले. दोनेक वर्षे, दिल्लीत असताना बहुतेक रोज संध्याकाळी, मौलाना उर्दूत बोलत आणि कबीर टिपणे घेत. मग इंग्रजी मसुदा तयार होई. मौलाना तो वाचत, दुरुस्त्या करत, काही भर घालत, काही गाळत. 1957 च्या सप्टेंबरात मसुदा पुरा झाला. सुमारे तीस पाने इतक्यात छापू नयेत असे मौलानांनी ठरवले. ती मोहोरबंद करून दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ठेवण्यात आली. 22 फेब्रुवारी 1958 रोजी मौलानांचा इंतकाल झाला. पुस्तक आले ते 1959 मध्ये.

त्यामुळे शंका निघाल्याच. मौलानांच्या सहीची उर्दू प्रत नाही. 'अल-हिलाल'ची ती धगधगती भाषा पुस्तकात नाही. पुढे प्रा. मुहम्मद मुजीब यांनी त्याचा उर्दू अनुवाद केला, 'हमारी आझादी'. जो माणूस उर्दू गद्याचा बादशहा, त्याचे उर्दूतले बोलणे उर्दू वाचकाला इंग्रजीवरून अनुवादित होऊन मिळाले! राजमोहन गांधींनी तर पुस्तकातल्या तपशिलांच्या चुका दाखवणारे स्वतंत्र पुस्तकच लिहिले.

मग कबीरांनी आपलेच म्हणणे मौलानांच्या तोंडी घातले का? मला तसे वाटत नाही. पुस्तक निघाले तेव्हा कबीर नेहरूंच्या सरकारात मंत्री होते. कॅबिनेट मिशनच्या योजनेबद्दल नेहरूंनी 10 जुलै 1946 रोजी मुंबईतल्या पत्रकार परिषदेत जे वक्तव्य केले, त्यावर या पुस्तकात कडक टीका आहे. स्वतःच्या पंतप्रधानांना दुखावणारा मजकूर पदरचा घालून कबीरांना काय मिळणार होते? उलट प्रस्तावनेत त्यांनी साफ लिहिले आहे, की यातली काही मते मला पटत नाहीत, पण माझे काम नोंद करण्याचे होते, त्यात स्वतःचा रंग मिसळण्याचे नव्हते. सल्लागाराच्या इमानाची याहून चांगली व्याख्या माझ्या वाचनात नाही.

मोहोरबंद पाने कोर्टकचेरीनंतर 1988 च्या अखेरीस उघडली. मौलानांच्या जन्मशताब्दीचे ते वर्ष. बाँबगोळा निघेल असे अनेकांना वाटत होते, पण निघाली ती सहकाऱ्यांबद्दलची, विशेषतः नेहरूंबद्दलची, अधिक परखड मते. हे बघायला कबीर हयात नव्हते. मंत्रिपद गेल्यावर ते काँग्रेसमधून बाहेर पडले आणि 1969 मध्ये वारले.

माझे म्हणणे एवढेच आहे. हे पुस्तक साक्ष आहे, पण अनेक वर्षांनी दिलेली, एका भाषेत सांगितलेली आणि दुसऱ्या भाषेत नोंदलेली साक्ष आहे. त्यातले एक वाक्य उचलून ते फाळणीचा निकाल म्हणून फिरवणे मौलानांवरही अन्याय आहे आणि कबीरांवरही. दोन्ही बाजूंचे लोक ते करतात, आपलेही लोक करतात. ज्यांना मौलानांची स्वतःची लेखणी अनुभवायची असेल त्यांनी 'गुबार-ए-खातिर' वाचावे. ती पत्रे आपल्याच अहमदनगरच्या किल्ल्यात लिहिली गेली आहेत आणि त्यांतला शब्द न् शब्द मौलानांचा आहे. 'इंडिया विन्स फ्रीडम'ही जरूर वाचावे, पण सुरुवात कबीरांच्या प्रस्तावनेपासून करावी. बहुतेक लोक नेमकी तीच पाने उलटून पुढे जातात.